दुबईच्या फ्लॅटचे पैसे कोल्हापुरातून पाठवताना: ए-टू फॉर्मवरचा कोड स्वतः वाचा

उद्यमनगरात वर्कशॉप, मुलगा दुबईत नोकरीला, बांधकाम चालू असलेला फ्लॅट स्वतःच्या नावावर बुक केलाय आणि बँक म्हणते "पुढच्या आठवड्यात या". पैसे कसे पाठवायचे म्हणून विचारणारी ही तुमची पोस्ट वाचताना आमचीच जुनी फाईल कुणीतरी उघडून ठेवल्यासारखं वाटलं.

एलआरएस, म्हणजे परदेशात पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची सवलत, माणशी आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर वगैरे तुम्हाला ठाऊक असेलच, त्यात शिरत नाही. मी सीए नाही. नियम बदलत असतात, पैसे हलवण्याआधी तुमच्या सीएंना विचाराच.

मला सगळ्यात महाग पडला तो ए-टू फॉर्मवरचा, म्हणजे परदेशी पैसे पाठवायच्या बँकेतल्या अर्जावरचा, परपज कोड. पैसे कशासाठी चाललेत ते त्यावरून कळतं. परदेशात घर घ्यायला पैसे जातात तेव्हा तो एस ०००५ असतो. इथल्या एका शाखेनं (नाव घेत नाही, अजून खातं तिथंच आहे) मुलगा तिकडं आहे एवढं ऐकलं आणि एस १३०१ टाकला, म्हणजे नातेवाइकांच्या उदरनिर्वाहाचा खर्च. पैसे गेले, सगळे खूश. दुसऱ्या हप्त्याला करारनामा जोडला, तेव्हा मुंबईच्या फॉरेक्स विभागानं विचारलं, घरखर्चाचे पैसे बिल्डरच्या एस्क्रो खात्यात (प्रकल्पासाठीच राखलेल्या खात्यात) कसे? फाईल तिथंच अडली. शाखा म्हणे मुंबईला मेल करा, मुंबई म्हणे शाखेमार्फतच या. दुरुस्तीचं पत्र द्यायला कुणी तयार नाही, कारण पत्र दिलं की चूक कुणाची ते कागदावर येतं. तोवर हप्त्याची तारीख उलटली आणि बिल्डरनं दंड लावला. तो कुणाच्या खिशातून गेला हे सांगायला नको. शाखेनं मात्र त्याच महिन्यात मला विमा पॉलिसी घ्या म्हणून फोन केला!

त्यामुळं माझं मत एकांगी वाटलं तरी चालेल: जिथं परकीय चलनाचं काम रोज होत नाही, त्या शाखेत जाऊ नका, मॅनेजर कितीही ओळखीचे असोत. पहिल्याच भेटीत विचारा, "घरासाठी एस ०००५ मध्ये कधी पैसे पाठवलेत का?" समोरचा इकडंतिकडं बघायला लागला की उठा. पण वेळेवर दुसरीकडं नवं खातं काढाल तर तेही अडतं. खातं वर्षभर जुनं लागतं, नाहीतर आधीच्या बँकेचं वर्षाचं स्टेटमेंट किंवा आयकराचे कागद मागतात.

तुम्ही वर्कशॉपच्या सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्याच्या कर्जाच्या) खात्यातून हप्ता द्यायचं लिहिलंय. ते डोक्यातून काढा. एलआरएसची सवलत व्यक्तीला आहे, फर्मला नाही, आणि अशा गुंतवणुकीसाठी बँकेनं कर्ज द्यायचं नसतं. पैसे आधी रीतसर तुमच्या बचत खात्यात आणा. वहिनींच्याही मर्यादेतून पाठवणार असाल तर करारावर त्यांचं नाव घाला, पुढचे प्रश्न वाचतात.

टीसीएसची, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक वरून वसूल करते त्या कराची, तरतूद वेगळी ठेवा. वर्षाला १० लाखांच्या वरच्या रकमेवर २० टक्के. म्हणजे ६० लाख पाठवलेत तर १० लाख जादा बाजूला हवेत. रिटर्नमध्ये ते परत मिळतात किंवा ॲडव्हान्स टॅक्समध्ये वळते करता येतात, पण तोवर खेळतं भांडवल अडकतं. जमलं तर हप्ते मार्चच्या अलीकडं-पलीकडं विभागा, १० लाखांची सूट दोनदा मिळते.

जाता जाता: दिरहम डॉलरला बांधलेला आहे, डॉलरला ३.६७२५. बँकेनं दिलेला दिरहमचा भाव त्यावरून ताडून बघा, किती खातात ते कळेल. मधल्या बँकांचे चार्जेस आपल्याकडं घ्या, नाहीतर तिकडं रक्कम थोडी कमी पोचते आणि बिल्डर हप्ता अपुरा धरतो.

आणि "इथं रोख द्या, तिकडं दिरहम मिळतील" म्हणणारा कुणीतरी भेटेलच. तो हवाला आहे, चहासुद्धा पिऊ नका त्याच्याबरोबर. बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पाचे पैसे दुबईत २००७ च्या कायद्यानं त्या प्रकल्पाच्या एस्क्रो खात्यातच भरायचे असतात, एजंटच्या नाही.

रिटर्नमधलं शेड्यूल एफए, म्हणजे परदेशातल्या मालमत्तेचा तक्ता, विसरू नका. ते कॅलेंडर वर्षानं भरतात, आणि घर लपवलं तर काळ्या पैशाच्या कायद्याखाली १० लाखांचा दंड बसू शकतो. ताबा मिळाला नाही म्हणून सोडून देऊ नका, सीएंना मुद्दाम आठवण करा. माझ्या सीएंना मीच केली होती.