नाशिकमध्ये पहिल्यांदाच गुंतवणूक करतोय, प्लॉट घेऊ की फ्लॅट?

हातात दहा-बारा लाख दिसले की दलाल तुम्हाला गाडीत बसवून आडगाव-म्हसरूळच्या पुढे ‘स्वस्तातले गुंठे’ दाखवायला नेणार. भुलू नका. शेतकरी दाखला नसेल तर शेतजमीन सहज नावावर होत नाही, आणि सामाईक सातबाऱ्यावर नाव चढलंच तर विकताना बाकीच्यांच्या सह्या गोळा करत फिराल. (माझ्या मावसभावाचं सध्या तेच चाललंय.) त्यापेक्षा कर्ज काढून पाथर्डी फाट्याकडे रीसेलचा वन बीएचके बघा, अंबड एमआयडीसी जवळ, भाडेकरू मिळतो. भोगवटा दाखला (इमारत वापरायला महापालिकेने दिलेली परवानगी) मात्र डोळ्यांनी बघा. नवीन बांधकाम असेल तर महारेरा क्रमांक, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाकडचा नोंदणी क्रमांक. मुद्रांक शुल्काशिवाय नोंदणी फी १ टक्का, जास्तीत जास्त ३०,००० रुपये. घर फक्त बायकोच्या नावावर घेतलंत तर मुद्रांकात १ टक्का सुटतो.