आधी खोड, मग कुंडी

सप्रेम आशीर्वाद.

तयार बोनसायच्या किमती पाहून तुझा धीर खचला, हे वाचलं. पण ते पैसे कशाचे असतात, हे आधी समजून घे. ते झाडाचे नसतात, कुणीतरी त्या झाडाला दिलेल्या वर्षांचे असतात. तुझ्याकडे पैसे कमी आहेत, वर्षं मात्र भरपूर आहेत. म्हणून तू तयार झाड घेऊच नकोस. कच्चं झाड घे आणि घडव.

'बोनसायचं बी' म्हणून पाकिटं विकतात, त्यांच्या वाटेला जाऊ नकोस. बोनसाय ही झाडांची वेगळी जात नाही. ते बी साध्या झाडाचंच असतं आणि त्यातून मनगटाएवढं खोड व्हायला फार काळ जातो. त्यापेक्षा नर्सरीच्या मागच्या कोपऱ्यात पडून राहिलेली, वेडीवाकडी वाढलेली, कुणी न उचललेली रोपं बघ. बोगनवेल, फायकस (वड-पिंपळाच्या कुळातलं झाड), जेड (जाड, रसाळ पानांचं झुडूप) यांपैकी काही मिळालं तर उत्तम. नवख्या हाताच्या चुका ही झाडं पोटात घालतात. पानांकडे बघू नकोस, बुंध्याकडे बघ. वरची माती बोटाने थोडी बाजूला कर. मुळं चारी बाजूंनी पसरलेली आणि खोड खाली जाड, वर निमुळतं होत गेलेलं दिसलं, तर ते रोप घे. बुंध्याशी कलमाची बेढब गाठ असेल तर सोडून दे, ती पुढे लपत नाही.

कुणी जुनं कुंपण छाटत असेल तर जाडसर फांद्या मागून घे. जेडची फांदी कापल्यावर काप सुकेपर्यंत काही दिवस सावलीत ठेव, मगच लाव. ओला काप मातीत गेला की कुजतो. गुटी कलम शिकून घेतलंस तर मोठ्या झाडाची जाड, वळणदार फांदी तिथेच मुळं फोडून मग कापून घेता येते. त्यात वर्षं वाचतात आणि पैसे जवळजवळ लागतच नाहीत.

आता सगळ्यांत महत्त्वाचं, आणि इथेच बहुतेकांची गाडी अडते. रोप आणलं की लगेच उथळ, सुंदर कुंडीत बसवायची घाई होते. तसं केलंस की खोड जाड होणं जवळपास थांबतं. खोड जाड होतं ते पानांच्या आणि मुळांच्या मोकळ्या वाढीमुळे. म्हणून पहिली काही वर्षं झाड जमिनीत किंवा प्लॅस्टिकच्या मोठ्या चाळणीत वाढू दे. चाळणीच्या भोकांतून बाहेर डोकावलेलं मूळ हवा लागून टोकाशी सुकतं आणि आत नव्या बारीक मुळांचा गुच्छ फुटतो. बुंध्याजवळची एखादी फांदी मुद्दाम लांबच लांब सोडून दे. तिच्याखालचं खोड भरलं की ती कापून टाकायची. ती फांदी राखण्यासाठी नसतेच. मग मुख्य खोड खालून कापायचं, नव्या फुटव्याला पुढचं खोड मानायचं, तो जाड झाला की पुन्हा कापायचं. दक्षिण चीनच्या लिंगनान परंपरेत मुख्यतः असंच झाड घडवतात, 'वाढू द्या आणि कापा'. फांद्या वाकवायला त्यांना गुंडाळतात त्या तारेवर फारसा खर्च नाही, आणि अशी वळणं तारेने आणलेल्या वळणांपेक्षा मला जास्त खरी वाटतात.

तार वापरायचीच असेल तर ॲल्युमिनियमची घे. फांदीच्या साधारण एक-तृतीयांश जाडीची, ४५ अंशांच्या तिरक्या वेढ्यांनी. दर आठवड्याला बघ. सालीत रुतायला लागली की तुकडे करून काढ, उलगडत बसू नकोस. पुष्कळदा फांदीला दोरी बांधून खाली ओढून ठेवली तरी भागतं.

हात सैल सोडायचाच तर मातीवर सोड. उथळ कुंडीत निचरा चांगला होतो हा समज चुकीचा आहे. पाणी दिल्यावर तळाशी जो चिंब थर राहतो, त्याची उंची एकाच मातीत उथळ आणि खोल कुंडीत सारखीच असते. उथळ कुंडीत त्यामुळे निम्मी मुळं पाण्यात बुडालेली राहू शकतात. म्हणून दाणेदार मिश्रण हवं: पक्क्या भाजलेल्या विटेचा चुरा, जाड वाळू, थोडं कुजलेलं सेंद्रिय खत. ३ ते ६ मिलिमीटरचे दाणे चाळून ठेव, बारीक धूळ फेकून दे. बोनसायसाठी वापरतात ती दाणेदार जपानी अकादामा माती नसली म्हणून काही अडत नाही.

हत्यारांत एक धारदार कात्री पुरे. अंतर्वक्र कटर (फांदी खोडालगत खोलगट कापणारं हत्यार) नंतर, झाड त्या लायकीचं झाल्यावर घे. कुंडी सगळ्यांत शेवटी.

पाणी वेळापत्रकाने देऊ नकोस, बोट मातीत खुपसून बघ. झाड उघड्यावर, उजेडात ठेव. शोभेसाठी खोलीत आणलंस तर एक-दोन दिवसांत परत बाहेर ने. १६२५ पासून कुंडीत वाढवलेला एक पाइन हिरोशिमाच्या बाँबमधूनही वाचला आणि १९७६ साली वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानाला भेट म्हणून गेला. इतकी शतकं त्याला जगवलं ते एकामागून एक आलेल्या हातांनी वेळच्या वेळी दिलेल्या पाण्याने.

एकच झाड ठेवू नकोस. एकच असलं की हात शिवशिवतात आणि त्याच महिन्यात छाटणी, मुळं कापणं, तार, सगळं त्याच्यावर होतं. मोठं काम एका झाडावर वर्षातून एकदाच. पाच-सहा कच्ची झाडं असली की कुणाला तरी विश्रांती मिळते, आणि एखादं गेलं तरी मन मोडत नाही.

या आठवड्यात रोपं बघायला जा. घेण्याआधी मला फोटो पाठव. बुंध्याचा, माती बाजूला करून, जवळून काढलेला. पानांचा नको.