थंडी, सुट्ट्या आणि कोपऱ्यात पडलेले बूट

थंडी सुरू झाली की पळण्यावरच्या या सदराकडे येणारी पत्रं एकदम एका सुरात बोलायला लागतात. एरवी गुडघे, बुटांचे सोल, पेस म्हणजे पळायचा वेग, मेडल असं सगळं असतं, आणि आता सगळ्यांचं एकच, ताई उठवत नाही हो. म्हणून यावेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवलेत (गुडघेवाल्यांनो, पुढच्या अंकात नक्की) आणि फक्त थंडी आणि सुट्ट्या घेतल्यात.

ताई, मी सहा महिने आठवड्यातून चार दिवस न चुकता पळत होते. थंडी पडल्यापासून साडेपाचचा अलार्म लावते, तो वाजतो, मी बंद करते, सातला उठते आणि दिवसभर स्वतःवर चिडत बसते. मोटिव्हेशनच संपलंय. ते परत कसं आणू?
– दुलईत अडकलेली

ते परत आणायच्या भानगडीतच पडू नका. साडेपाचला, अंधारात, गार खोलीत कुणालाच पळावंसं वाटत नाही, मलाही नाही, आणि मी पंधरा-सोळा वर्षं पळतेय. यात तुमचा आळस थोडा आणि शरीराचं घड्याळ जास्त आहे. आपलं तापमान पहाटे चार-पाचच्या सुमारास सगळ्यात खाली गेलेलं असतं, जाग आल्यावरही डोकं पंधरा-वीस मिनिटं, कधी कधी तासभर जडच राहतं, आणि उन्हाळ्यात निदान खिडकीतला उजेड तरी मेंदूला सांगतो की बाबा झाली सकाळ, आता ते झोपेचं मेलाटोनिन आवर. थंडीत तो उजेडही नाही. म्हणजे ज्या मिनिटाला तुम्ही स्वतःला विचारता ना, जाऊ का नको, त्या मिनिटाला तुमच्याकडून धड उत्तर येणारच नाही. तो प्रश्न रात्रीच मिटवून झोपायचं.

मी काय करते ते सांगते, हसू नका. पळायचे कपडे रात्री पांघरुणाच्या आतच पायाशी ठेवते, त्यामुळे ते सकाळी गरम असतात. अलार्म झाला की डोळे मिटलेले ठेवूनच आतल्या आत पँट चढवायची, मग मोजे, त्यात एखादा मोजा उलटा जातो, जाऊ दे. फोन मात्र बाथरूममध्ये. तो बंद करायला उठावंच लागतं आणि तिथला दिवा डोळ्यावर पडला की निम्मी झोप तिथेच उडते. बूट दाराशी, नाड्या सैल करून ठेवलेले, कारण गार बोटांनी गाठ सोडवत बसलं की विचार बदलतो, हे अनुभवाने सांगतेय.

पीटर गोलवित्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने या प्रकारावर बरंच काम केलंय. त्याचं म्हणणं साधारण असं की नुसतं ‘उद्या पळेन’ म्हणण्यापेक्षा ‘अमुक झालं की तमुक करेन’ असं ठरवलेलं जास्त पार पडतं. तर ‘बाथरूमचा दिवा लावला की बूट घालेन’ एवढंच ठरवा. किती पळणार, कुठे पळणार, काही नाही.

आणि एक करार करा, दहा मिनिटं पळून परत यायची पूर्ण मुभा. खरीखुरी मुभा हं, परत आलात तर स्वतःला बोलायचं नाही. मागच्या थंडीत मी अशी तीनदा परत आले. बाकी सगळ्या वेळी दहा मिनिटांत अंग तापलं आणि मग परत फिरायचं कशाला म्हणून पुढे गेले.

आणखी एक, साडेपाचच हवं हे कुणी सांगितलं तुम्हाला? संध्याकाळी शरीराचं तापमान वर असतं, स्नायू मोकळे असतात, कित्येकांचा पेस तेव्हाच चांगला येतो. जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास मिळत असेल तर थंडीत त्याच्यासारखं सुख नाही, ऊन पण मिळतं. पहाटे पळणारेच तेवढे खरे रनर असं काही नसतं, ते फक्त त्याबद्दल जास्त बोलतात.

पुढच्या महिन्यात दहा दिवस प्रवास, मग घरी पाहुणे, मग ओळीने समारंभ. तीन महिन्यांनी हाफ मॅरेथॉन आहे. आत्तापर्यंतची मेहनत पाण्यात जाणार का?
– कॅलेंडर भरलेला

पूर्ण बंद केलंत तर थोडी जाईल, आणि लवकर जाईल. चांगली तयारी असलेल्या खेळाडूंनी ट्रेनिंग एकदम थांबवलं तेव्हा त्यांची व्हीओटू मॅक्स, म्हणजे शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं ते माप, १२ दिवसांत साधारण ७ टक्क्यांनी उतरलेली दिसली होती. सुरुवातीची ही घट मुख्यतः रक्तातला द्रव कमी झाल्यामुळे होते. म्हणूनच सुट्टीनंतरच्या पहिल्या रनला पाय ठीक असतात पण धाप लागते.

पण तुम्हाला पूर्ण बंद करायची गरजच नाहीये. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला रॉबर्ट हिक्सन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी काही प्रयोग केले, ते मला फार आवडतात. लोकांना दहा आठवडे, आठवड्याला सहा दिवस, रोज चाळीस मिनिटं दणकून ट्रेनिंग दिलं. मग काहींचे दिवस कमी केले, सहाचे चार किंवा चक्क दोन. दुसऱ्या प्रयोगात मिनिटं कमी केली, चाळीसची सव्वीस किंवा तेरा. आणि पंधरा आठवडे हे असं कमी केलेलं चालवूनही व्हीओटू मॅक्स जवळपास तिथल्या तिथे! जोर मात्र तितकाच ठेवला होता. जेव्हा दिवस आणि मिनिटं तीच ठेवून जोर कमी केला, तेव्हा ती घसरली. तेरा मिनिटवाल्यांचा लांब पल्ल्याचा दम थोडा उतरला होता, तेव्हा याचा अर्थ लाँग रन फेकून द्या असा काढू नका, पण तीन-चार आठवड्यांपुरतं तुमचं काम भागतं.

आपण नेमकं उलटं करतो ना. सुट्टीत वेळ नाही म्हणून एक तर काहीच नाही, नाहीतर गप्पा मारत चार किलोमीटर रमतगमत. त्यापेक्षा आठवड्यातून दोन-तीनदा पंचवीस मिनिटं काढा. दहा मिनिटं हळू, मग एक मिनिट जोरात एक मिनिट हळू असं पाच वेळा, मग पाच मिनिटं हळू, संपलं. जोरात म्हणजे बोलता येऊ नये इतपत, जीव जाईल इतपत नाही. हॉटेलात ट्रेडमिल असेल तर तीही चालेल, वारा नसतो म्हणून चढ १ टक्का ठेवतात, पण हळू पळत असाल तर तेवढ्याने काही फरक पडत नाही, आणि समोर भिंत बघत पळायचा कंटाळा येणारच, तो धरून चाला.

मी हे इतकं ठासून का सांगतेय, कारण मी तोंडावर आपटलेय. काही वर्षांपूर्वी सुट्टीतून आले, पहिल्याच दिवशी दव पडलेल्या गवतातून पळाले, बूट ओले झाले आणि तसेच बाहेर ठेवले. दुसऱ्या दिवशी पाय घातला तर आतलं सोल बर्फासारखं गार आणि चिकट. म्हटलं आज राहू दे, वाळू देत. ते बूट वाळायला मला अडीच महिने लागले! आता ओले बूट आले की सोल काढून आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबते, सकाळपर्यंत बरेच सुकतात. दोन जोड असतील तर हा प्रश्नच येत नाही.

आमच्या मित्रांच्या ग्रुपमध्ये रोज पळायचं चॅलेंज होतं, पूर्ण सीझन एकही दिवस खाडा नाही. माझा १९ व्या दिवशी ताप आल्यामुळे चुकला. त्यानंतर परत पळावंसंच वाटत नाहीये. काय उपयोग आता?
– कॉलेजमधला एकोणीस दिवसवाला

अरे, तापात पळाला नाहीस हे फार शहाणपणाचं केलंस, ते आधी सांगते. नुसतं नाक गळत असेल तर हळू पळता येतं, पण ताप, अंगदुखी, छातीतला खोकला असेल तर घरीच पडायचं, चॅलेंज गेलं खड्ड्यात.

रोज पळण्याचा बादशहा म्हणजे इंग्लंडचा रॉन हिल. १९७० ची बॉस्टन मॅरेथॉन जिंकलेला माणूस. तो डिसेंबर १९६४ ते जानेवारी २०१७ रोज पळाला, ५२ वर्षांहून जास्त, रोज निदान एक मैल. पायाच्या ऑपरेशननंतर कुबड्या घेऊन तो मैल पुरा केला म्हणतात. शेवटी पळताना छातीत दुखायला लागलं म्हणून ७८ व्या वर्षी त्याने थांबवलं. मला या माणसाबद्दल आदरही वाटतो आणि थोडं डोक्यालाही हात लावावासा वाटतो. तुला त्याच्यातलं घ्यायचंच असेल तर तो एक मैल घे, म्हणजे दीडेक किलोमीटर. त्याने किमान हद्द इतकी खाली ठेवली होती की वाईट दिवशीही ती ओलांडता यायची. तुमच्या चॅलेंजमध्ये रोज किती होतं ते तू लिहिलं नाहीस, पण मला शंका आहे की पाच किलोमीटर तरी असणार.

आणि ‘काय उपयोग’चं उत्तर. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी लोकांना नवीन सवयी लागताना मोजलं होतं. सरासरी ६६ दिवस आले, पण कुणाला १८ तर कुणाला २५४ असा हिशेब निघाला, आणि मधला एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. तुझे अठरा दिवस कुठेही गेलेले नाहीत. बरा झालास की दोन-तीन दिवस आणखी थांब आणि मग ग्रुपला न सांगता गुपचूप वीस मिनिटं पळून ये.

अंधारात तोच तोच रस्ता, सोबत कुणी नाही, फार कंटाळा येतो. कानात काहीतरी लावून पळावं का?
– एकटी

लावा की, पण एकाच कानात, आणि रहदारीच्या रस्त्यावर समोरून गाड्या येतील अशा बाजूने पळा, अंगावर चमकणारी पट्टी आणि डोक्याला छोटा दिवा हवाच. अंधारात ड्रायव्हरला आपण दिसत असू हा आपला निव्वळ गैरसमज असतो.

कंटाळ्यावर एक मजेशीर उपाय अमेरिकेत केटी मिल्कमन आणि सहकाऱ्यांनी करून बघितला होता, २०१४ मध्ये तो छापून आला. लोकांना उत्कंठा वाढवणारी ऑडिओबुक्स दिली, पण ऐकायची फक्त जिममध्येच. पुढे काय झालं हे कळायला लोक जिमला जास्त यायला लागले. गंमत पुढे आहे, थँक्सगिव्हिंगची सुट्टी आली आणि हा सगळा परिणाम ओसरला. सुट्टीपुढे रहस्यकथेचंही चालत नाही! तेव्हा हे जरूर करा, एखादी मालिका फक्त पळतानाच ऐकायची असं ठेवा, पण सुट्टीनंतर नवीन गोष्टीने परत सुरुवात करावी लागेल हे धरून चाला.

थंडीत पळलं की घसा जळतो आणि घरी आल्यावर अर्धा तास खोकला येतो. जास्त कपडे घालू का?
– खोकणारे काका

काका, कपड्यांचा आणि खोकल्याचा संबंध कमी आहे. गार हवेत ओल फार कमी असते, ती आत घेताना गरम आणि ओलसर करायचं काम श्वासनलिकेला करावं लागतं, त्यात ती कोरडी पडते आणि चुरचुरते. पहिली दहा मिनिटं अगदी हळू पळा, नाका-तोंडावर पातळ कापड घ्या, जोराचे रन फार गार दिवशी टाळा. तहान लागत नसली तरी पाणी प्या. पण छाती आवळल्यासारखी होत असेल, श्वासाला शिट्टी येत असेल तर डॉक्टरांना दाखवाच. व्यायामाने येणारा दमा हा प्रकार असतो आणि त्यावर चांगली औषधं आहेत.

कपडे मात्र बहुतेक जण जास्तच घालतात. पळताना खर्च होणाऱ्या ऊर्जेतली तीन-चतुर्थांश तरी उष्णता होऊनच बाहेर पडते. बाहेर जेवढं तापमान आहे त्यापेक्षा आठ-दहा अंश जास्त आहे असं समजून कपडे घाला, पहिली पाच मिनिटं कुडकुडलात म्हणजे बरोबर घातलेत. अंगाला लागून सुती बनियन नको, घाम धरून ठेवतं आणि थांबलात की गारठवतं.

पार्टीतलं एक जेवण भरून काढायला किती किलोमीटर पळावं?
– हिशेबी

ढोबळ हिशेब असा, वजनाच्या दर किलोला दर किलोमीटरमागे एक कॅलरी. म्हणजे ६० किलोच्या माणसाने १० किलोमीटर पळून ६०० च्या आसपास. आता तुम्हीच जेवणाशी ताडून बघा आणि हा नाद सोडा. पळणं ही जेवणाची शिक्षा झाली ना, की दोन्हीची मजा जाते.

घरी पाहुणे असताना मी सकाळी पळायला गेलो की बायको चिडते. तिचं बरोबर आहे, पण माझंही आहे. मार्ग सांगा.
– दोन्हीकडून मार खाणारा

तिचं जास्त बरोबर आहे! घरात आठ माणसं, सगळ्यांचं तिच्याकडे, आणि तुम्ही तासभर गायब होऊन घामाघूम चेहऱ्याने ‘अहाहा काय मस्त हवा’ म्हणत येणार. आदल्या रात्री विचारा, उद्या कधी गेलेलं चालेल, आणि सांगितलेल्या वेळेला पाच मिनिटं आधी परत या. पंचवीस मिनिटांचा जो प्रकार वर सांगितलाय तो अशाच दिवसांसाठी आहे. त्याच्या बदल्यात तिला तिचा एक तास द्या, मागायच्या आत.

दुसरा मार्ग म्हणजे पाहुण्यांतलं कुणीतरी सोबत न्या, घरातली गर्दीही कमी होते. फक्त जरा बघून न्या. मागच्या सुट्टीत मी भाच्याला नेला, तो जोशात पुढे पळाला आणि रस्ता चुकला, फोन घरी. त्याला शोधण्यात माझे तीन किलोमीटर जास्त झाले, आणि मी ते त्या आठवड्याच्या मायलेजमध्ये धरलेत.