पलंगाला हेडबोर्ड खरंच लागतो का, की ती नुसती शोभा?

तुम्ही लिहिलंय की इंदिरानगरच्या नव्या फ्लॅटसाठी पलंग करून घेताय आणि घरचे म्हणतात, मागे भिंत आहे तर हेडबोर्डवर पैसे कशाला घालायचे. माझं उत्तर : लागतो. हेच बोलणं मी माझ्या लग्नात ऐकलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझे वडील सुतार. जुन्या नाशकात वाड्यांच्या दुरुस्तीची कामं करायचे. सडलेला वासा काढून नवा बसवायचा, झिजलेली केळफुलं, म्हणजे केळीच्या फुलासारखी लाकडातली नक्षी, पुन्हा कोरायची. माझ्या लग्नात त्यांनी सागवानी पलंग स्वतःच्या हातानं करून दिला. उशाकडे उंच पाठ, उभ्या पट्ट्यांची, आणि दोन्ही खांबांवर एकेक केळफूल. थोरले दीर चारचौघांत म्हणाले, "भिंत असताना एवढं लाकूड कशाला? यात दोन स्टुलं झाली असती." वडील गप्प राहिले. मुलीचा बाप, बोलणार तरी काय?

पुढे सासूबाई पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर त्यांना दिरांकडे नेलं, त्यांचं घर तळमजल्यावर म्हणून. तिथे सपाट दिवाण. भिंतीला उशा लावून बसवायचं, तर चार घास होईपर्यंत दिवाण पुढे सरकायचा आणि उशी फटीत जायची. त्यात नाशिकची थंडी. पारा १० अंशांच्या खाली गेला की बाहेरच्या बाजूची भिंत बर्फासारखी लागते, म्हाताऱ्या माणसाला तिला पाठ टेकवत नाही. शेवटी आमच्याकडे आणलं. वडिलांनी पलंगाच्या पाठीला मागे बेताचा कल दिला होता, त्यामुळे एका उशीवर त्या नीट बसायच्या. पट्ट्यांमध्ये बोटं जातील एवढी जागा होती, तिथे धरून स्वतःच कूस बदलायच्या. एका केळफुलाला त्यांची जपमाळेची पिशवी, दुसऱ्याला शाल, रात्री दोन्हींना मच्छरदाणीची दोरी. दीर रोज येऊन हे बघायचे. लग्नातलं बोलणं त्यांनी कधी मागे घेतलं नाही. त्या कोरीव कामाला शोभा म्हणणाऱ्यांनी ते दिवस बघायला हवे होते.

आता तुमचं. उंची जमिनीपासून मोजू नका, गादीच्या वरच्या कडेपासून मोजा. निदान दोन फूट पाठ वर दिसली पाहिजे. हल्लीच्या जाड गाद्यांमध्ये निम्मा हेडबोर्ड बुडतो आणि मग लोक म्हणतात, उपयोग नाही. पाठीला कल द्यायला सांगा. स्विच आणि चार्जिंगचा पॉइंट हेडबोर्डच्या मागे जाणार नाही, हे वायरिंग होतानाच बघा. केसांच्या तेलाचे डाग भिंतीवर पडत नाहीत, हाही मोठा फायदा आहे, रंग काढायची वेळ आली की कळतो.

रेक्झिनचा गुबगुबीत हेडबोर्ड मला मुळीच पटत नाही. तेलानं काळवंडतो, काही वर्षांत पापुद्रे सुटतात, आणि बटणांच्या खळग्यांत ढेकूण शिरले की सगळं उसवावं लागतं. डोक्यावर पुस्तकांचे उघडे कप्पेही नकोत. कप्पे हवेतच तर बाजूला घ्या.

सागवान परवडत नसेल तर चांगला प्लाय घ्या, त्यात कमीपणा नाही. भिंत ओल धरणारी असेल तर आयएस ७१० शिक्क्याचा, म्हणजे ओलीला टिकणारा मरीन प्लाय घ्या आणि मागे दोन बोटं जागा सोडा. सागवान घेतलं तर आतल्या गाभ्याचं घ्या. वरच्या पांढऱ्या भागाला कीड लागते, दुकानदार ते पॉलिशखाली झाकून देतात. कोरीव कामात धूळ बसते, हे खरंय. मी जुन्या दाढीच्या ब्रशनं काढते. खोली फारच लहान असेल तर उंच पाठ अंगावर येते, तिथे नुसत्या आडव्या पट्ट्या बऱ्या.

पैसे वाचवायचेच असतील तर खालचे ड्रॉवर कमी करा. आणि सुतार माप घ्यायला येईल तेव्हा घरात जे कोणी नको म्हणतंय, त्यालाच गादीवर बसवून पाठ कुठपर्यंत हवी ते विचारा, आणि तेवढीच करून घ्या.