गोल्फचा स्विंग सोपा केला तर स्लाइस आणि आयर्नचे चुकीचे फटके सुधारतील का?

तुमची अडचण अशी दिसते: ड्रायव्हर (सर्वांत लांब फटक्याचा क्लब, म्हणजे गोल्फची काठी) मारला की चेंडू उजवीकडे वळत जातो, म्हणजे स्लाइस होतो, आणि आयर्नने (जमिनीवरचा चेंडू मारायच्या क्लबने) कधी आधी जमीन खणली जाते, कधी चेंडूच्या नुसत्या माथ्याला क्लब लागतो. स्विंग, म्हणजे क्लब फिरवण्याची पूर्ण हालचाल, सोपा केला तर दोन्ही सुधारतील. सोपा म्हणजे हळू नव्हे. क्लब खाली येताना हातांना आयत्या वेळी कमीत कमी दुरुस्ती करावी लागेल, असा. (सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी लिहितोय.)

आधी ग्रिप, म्हणजे पकड. चेंडू कुठे निघतो हे मुख्यतः क्लबचं तोंड (चेंडूला लागणारी सपाट बाजू) ठरवतं, आणि तो हवेत किती वळतो ते तोंड आणि क्लबचा मार्ग यांच्यातल्या कोनावर असतं. डाव्या हातात क्लब तळव्यावर आडवा बसला तर तोंड वेळेवर मिटत नाही, म्हणजे लक्ष्याकडे वळत नाही. तो बोटांच्या मुळाशी धरा. वरून पाहताना डाव्या मुठीचे दोन-अडीच उंचवटे दिसावेत, आणि अंगठा व तर्जनीमधली रेघ उजव्या खांद्याकडे जावी. आपल्याकडे क्रिकेट खेळून आलेल्यांचा खालचा हात फार जोर करतो. उजव्या हाताची पकड सैल ठेवा.

आता बॅकस्विंग, म्हणजे फटक्याआधी क्लब मागे-वर नेणं. माझ्या मते हौशी खेळाडूने तो तीन-चतुर्थांशच ठेवावा: डावा हात जमिनीला समांतर होऊन थोडा वर गेला की थांबायचं. त्यापुढे लवचिकता संपते, मग डावं कोपर वाकतं, कंबर उजवीकडे सरकते, आणि खाली येताना खांदे आधी फिरून क्लब बाहेरून आत कापत येतो. स्लाइस तिथेच तयार होतो. अंतर कमी होईल ही भीती सोडा. स्पेनचा व्यावसायिक गोल्फर जॉन राहम याचा बॅकस्विंग नजरेत भरेल इतका आखूड आहे. जन्मतःच उजव्या पायात दोष असल्याने घोट्याची हालचाल मर्यादित आहे, म्हणून तो तसा ठेवतो. २०२१ची यूएस ओपन आणि २०२३ची मास्टर्स या मोठ्या स्पर्धा त्याने याच स्विंगवर जिंकली. खांदे मात्र पूर्ण वळले पाहिजेत, नुसते हात उचलून चालत नाही.

जमीन खणणं आणि माथ्याला लागणं हे दोन वेगळे दोष वाटतात, पण बहुतेक वेळा मूळ एकच असतं: स्विंगचा सर्वांत खालचा बिंदू चेंडूच्या मागे पडतो. वजन उजव्या पायावर अडकलं की असं होतं. क्लब मागेच जमिनीला टेकला तर माती, आणि टेकू नये म्हणून अंग वर उचललं तर माथा. आयर्नमध्ये आधी चेंडू, मग जमीन, हाच क्रम हवा.

हे तपासायला ७ नंबरचं आयर्न घ्या. चेंडू पायांच्या मध्यावर ठेवा आणि त्याच्या मागे चार-पाच इंचांवर घडी घातलेला छोटा टॉवेल. टॉवेलला न लागता अर्ध्या स्विंगने दहा चेंडू मारा. जमेना, तर सुरुवातीलाच साठ टक्के वजन डाव्या पायावर घेऊन मारून बघा. ड्रायव्हिंग रेंजच्या मॅटवर टॉवेल ठेवाच, कारण मागे टेकलेला क्लब मॅटवरून घसरून चेंडूपर्यंत पोचतो आणि वाईट फटकाही बरा वाटतो. गवतावर खेळायला गेलात की तोच फटका निम्म्या अंतरावर मरतो.

ड्रायव्हरला हा नियम उलटा: चेंडू डाव्या टाचेच्या आतल्या बाजूला, टी (चेंडू ठेवायची छोटी खुंटी) इतकी उंच की अर्धा चेंडू क्लबच्या वर दिसेल, आणि फटका किंचित वर जाताना. टॉवेलची कसरत त्याच्यासाठी नाही.

मोबाइलवर चित्रण करत असाल तर तो लक्ष्याच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे तुमच्या उजवीकडे, लक्ष्याच्या रेषेला समांतर आणि हातांच्या उंचीला, बरोबर हातांच्या रेषेत ठेवा. तो जरा बाजूला सरकला तरी क्लबचा मार्ग आहे त्यापेक्षा वेगळा दिसतो आणि नसलेला दोष दुरुस्त करत बसाल.