अख्खं घर मॅटवर: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

ज्युदो शिकवायला लागून मला पंचवीसहून जास्त वर्षं झाली. सुरुवातीला पालक मुलांना दारात सोडून जायचे आणि तासाभराने न्यायला यायचे. हल्ली त्यांतले काही गी, म्हणजे ज्युदोचा पोशाख, घालून मुलांच्या शेजारी उभे राहतात. याचा मला फार आनंद होतो. पण घर आणि खेळ एका जागी आले की नवे पेच पडतात, आणि या वेळची बहुतेक पत्रं त्यांच्याबद्दलच आहेत.

प्रश्न : मुलगा १२ वर्षांचा, मुलगी ९ वर्षांची. दोघं तीन वर्षं ज्युदो करतात आणि मी रोज दीड तास बाकावर बसून असते. सर म्हणतात, तुम्हीही या. माझं वय ४१. दुसऱ्या बाळंतपणानंतर व्यायाम असा झालेलाच नाही. पडायची भीती वाटते, मुलांसमोर हसं होईल याचीही वाटते. (एक आई, नाशिक)

जरूर या. फक्त पहिले दोन महिने कुणालाही तुम्हाला फेकू देऊ नका, सरांनाही नाही. तेवढा वेळ फक्त उकेमी, म्हणजे पडायला शिकणं.

मोठ्या माणसाला पडताना हात मागे टेकवायची सवय असते. घरात पाय घसरला तरी आपण तेच करतो, आणि मनगट तिथेच मोडतं. ज्युदोत मागे पडताना हनुवटी छातीला लावायची, नजर स्वतःच्या बेल्टच्या गाठीवर ठेवायची आणि दोन्ही हात अंगापासून थोडे लांब, तळवे खाली करून एकदम मॅटवर आपटायचे. आधी बसून, मग उकिडवं, मग उभ्याने. डोकं मॅटला लागताच कामा नये. जपानमध्ये शाळेतल्या ज्युदोत डोक्याला मार बसून मुलं दगावली आहेत. त्यांत नवशिकी बरीच होती, आणि ओसोतो-गारी हा मागे पाडणारा डाव त्यात पुन्हा पुन्हा पुढे आला. म्हणून उकेमी पक्की होईपर्यंत हा डाव आमच्याकडे कुणावरही टाकत नाही.

हसं होण्याबद्दल एक सांगते. आमच्याकडे चव्वेचाळीस वर्षांच्या एक बाई येतात, बँकेत नोकरीला आहेत. तिसऱ्या आठवड्यातही त्यांची मान मागे जायची. एका संध्याकाळी त्यांची नऊ वर्षांची मुलगी शेजारी उकिडवी बसली आणि प्रत्येक वेळी हळूच म्हणत राहिली, "आई, गाठ बघ. गाठ." दहाव्या-बाराव्या वेळी दोन्ही हातांचा एकच आवाज आला. मुलीने टाळी वगैरे वाजवली नाही, "आता उजवीकडची" एवढंच म्हणाली. तुमची मुलगी मॅटवर तुमच्यापेक्षा तीन वर्षांनी सीनिअर आहे. रांगेत ती वर उभी राहील, तुम्ही शेवटी. तिने चूक दाखवली की "घरी बघते तुला" असं गमतीतही म्हणू नका.

सुरू करण्याआधी ब्लड प्रेशर, गुडघे आणि कंबर डॉक्टरांकडून तपासून घ्या. आणखी एक गोष्ट, जी बायका सरांना सांगत नाहीत. खोकताना किंवा उडी मारताना थेंबभर लघवी होत असेल, तर आधी फिजिओथेरपिस्टकडे जा. बाळंतपणानंतर ओटीपोटाखालचे स्नायू सैल पडलेले असतात, ते व्यायामाने सुधारतात. लाजून क्लास सोडलेल्या बायका मी पाहिल्यात, फार वाईट वाटतं.

स्पर्धेचा विचार पहिल्या वर्षी नको. पुढे वाटलं तर ज्युदोत ३० वर्षांपासून पुढे वेटरन्स गट असतात, पाच-पाच वर्षांचे.

प्रश्न : कॉलेजात मी कराटेत जिल्हा पातळीवर कुमिते (समोरासमोरची लढत) खेळलोय. मुलगी ११ वर्षांची, तिला मीच शिकवतो. स्पर्धेत कडेने मी ओरडून सांगतो तरी ती ऐकत नाही. हरली की घरी येईपर्यंत एक शब्द बोलत नाही. फोगट बहिणींनाही वडिलांनीच घडवलं ना? मग माझं काय चुकतंय? (एक वडील, पिंपरी)

ती ऐकतेय. समोरच्या मुलीचा पाय कुठून येतोय हे बघायचं असताना तिच्या कानात बाबांचा आवाज येतोय, आणि त्या आवाजात तिला "काय करू" यापेक्षा "बाबा चिडलेत" हेच आधी कळतंय. आंतरराष्ट्रीय ज्युदोत नियमच आहे की लढत चालू असताना प्रशिक्षकाने बोलायचं नाही. पंचांनी "मात्ते" म्हणून लढत थांबवली की तेवढ्यापुरतं सांगायचं. नियम आला तेव्हा मला तो जाचक वाटला होता. आज वाटतं, तो पालकांसाठी आधी यायला हवा होता.

फोगटांचं उदाहरण मला दर महिन्याला कुणीतरी देतं. महावीरसिंह फोगट स्वतः पैलवान होते. हरियाणातल्या बलाली गावात त्यांनी मुलींना मातीत उतरवलं. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत गीताने ५५ किलोत सुवर्ण जिंकलं, ते कुस्तीतलं भारतीय महिलेचं पहिलं राष्ट्रकुल सुवर्ण, आणि बबिताने रौप्य. हे मोठंच काम आहे. पण त्या गावात मुलींना कुस्ती शिकवायला दुसरं कोण होतं? वडील नसते तर आखाडाच नव्हता. तुमच्याकडे पिंपरीत वीस मिनिटांच्या अंतरावर चार चांगले शिकवणारे सापडतील. त्यांची गरज वेगळी होती, तुमची वेगळी आहे.

मी हे अधिकाराने सांगू शकते, कारण हीच चूक मी केली आहे. मुलगा तेरा वर्षांचा असताना एका जिल्हा स्पर्धेत पहिल्याच फेरीत इप्पॉनने, म्हणजे लढत तिथेच संपवणाऱ्या पूर्ण गुणाने, हरला. पकड सोडवायला मी त्याला महिनाभर शिकवत होते आणि तेच तो विसरला. मॅटच्या कडेलाच मी त्याची कॉलर धरून दाखवायला लागले, "अशी सोडवायची होती, अशी." आजूबाजूला त्याचे मित्र होते. घरी जाताना स्कूटरवर तो मागे बसला आणि रोज माझ्या खांद्यावर ठेवायचा ते हात त्याने मागच्या कॅरिअरच्या दांडीला घट्ट धरले. सिग्नलला मागे वळून पाहिलं तर त्याची बोटं पांढरी पडली होती. त्यानंतर आठ महिने त्याने गी घातला नाही. घरात रोज मी होते, पण त्याच्या आयुष्यात आई उरली नव्हती, चोवीस तासांची कोच तेवढी होती.

तो परत आला तो माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या बॅचला. मी त्या वेळी दुसऱ्या बाजूला लहानांना शिकवायचे आणि त्याच्याकडे बघायचे नाही. अवघड होतं, अजूनही आहे.

तुम्हीही स्पर्धेच्या दिवशी तिची जागा दुसऱ्या प्रशिक्षकाकडे द्या आणि स्वतः गॅलरीत बसा. सरावात पॅड धरा, तिचा पार्टनर व्हा, तो तुमचा हक्काचा आनंद आहे. हरली तर पहिलं वाक्य "भूक लागलीय का?" हे असू दे. लढतीचं बोलणं दुसऱ्या दिवशी, आणि तेही तिने काढलं तर. पहिल्या दोन-तीन स्पर्धांत ती काढणारच नाही. तुम्हीही काढू नका.

प्रश्न : माझ्या जुळ्या मुली १५ वर्षांच्या. दोघी ज्युदोत ४८ किलोखालच्या गटात. कोच म्हणतात, एकीने ४४ मध्ये जावं, म्हणजे दोन पदकं येतील. दोघी समोरासमोर येतील याचीही मला धास्ती वाटते. (एक आई, छत्रपती संभाजीनगर)

४४ मध्ये पाठवू नका. दोघींची वजनं ४७ च्या पुढे असणार, म्हणजे वाढत्या वयाच्या मुलीचं तीन-चार किलो वजन उतरवायचं. ते खाणं-पाणी तोडून होतं. पाणी तोडलं की ताकद जाते, लक्ष जातं आणि दुखापत होते. महिनोन् महिने कमी खाल्लं की पाळी चुकते आणि हाडं भरायच्या वयात कमकुवत होतात. पाळी लांबली तर "खेळणाऱ्या मुलींचं असंच असतं" असं कुणी म्हणेल. त्यांचं ऐकू नका, डॉक्टरांकडे न्या.

समोरासमोर आल्या तर खरं खेळू द्या. "तू मोठी आहेस, सोडून दे" हे घरात ठरवलंत तर दोघींनाही ते कायम टोचेल. त्या लढतीला क्लासमधलं कुणीही कुणाच्या कोपऱ्यात बसू नये, आणि तुम्ही गॅलरीतच थांबा. एरवी आठवड्यातले दोन दिवस त्यांना वेगवेगळे पार्टनर द्यायला कोचना सांगा. रोज एकमेकींशीच रँडोरी, म्हणजे सरावाची मोकळी लढत, केली की दोघींना एकच पकड सोडवता येते.

समोरासमोर येण्यापेक्षा एक जिंकते आणि एक हरते, तो दिवस मला जास्त अवघड वाटतो. जपानचे हिफुमी आणि उता आबे हे भाऊ-बहीण बघा. त्यांचे वजनगट वेगळे, पण लढती एकाच दिवशी. टोकियो ऑलिंपिकमध्ये २५ जुलै २०२१ ला दोघांनी सुवर्ण जिंकलं. पॅरिस ऑलिंपिकला २०२४ मध्ये उता दुसऱ्याच फेरीत हरली आणि मॅटच्या कडेला ओक्साबोक्शी रडली. त्याच दिवशी हिफुमीला पुढच्या लढती खेळायच्या होत्या. तो खेळला आणि जिंकला. तुमच्या घरी असा दिवस येणारच. तेव्हा एक मोठं माणूस हरलेलीबरोबर बाहेर जाईल आणि एक जिंकणारीजवळ थांबेल, हे आधीच वाटून ठेवा. पदकाचे फोटो त्या रात्री नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचे की नाही, हे दोघींना विचारून ठरवा.

प्रश्न : आम्ही चौघंही तायक्वांदो करतो. दर तीन-चार महिन्यांनी बेल्ट परीक्षा, चौघांची फी. मुलगा १० वर्षांचा आहे, पुढच्या वर्षी ब्लॅक बेल्ट मिळेल म्हणतात. हे बरोबर आहे का? (एक वाचक, डोंबिवली)

फी कशाची आणि प्रमाणपत्र कुणाचं, हे लेखी विचारा. दक्षिण कोरियातल्या कुक्किवॉन या तायक्वांदोच्या मुख्य संस्थेच्या पद्धतीत १५ वर्षांखालच्या मुलाला दान, म्हणजे मोठ्यांच्या ब्लॅक बेल्टची श्रेणी, मिळत नाही, पूम ही लहानांची श्रेणी मिळते. तिचा बेल्टही अर्धा लाल, अर्धा काळा असतो. मुलाला दोन्हींतलं काय मिळणार ते आधी कळू दे. दहावी-बारावीचे क्रीडा गुण डोक्यात असतील तर कोणती स्पर्धा धरली जाते, हे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारा. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या गटांत होतात. नावात "इंटरनॅशनल" असलेली प्रत्येक स्पर्धा तिथे चालेल असं नाही. चौघांनी प्रत्येक परीक्षेला बसायलाच हवं असंही नाही. तुम्ही दोघं सहा-आठ महिन्यांनी बसा, काही बिघडत नाही.

आणि नवरा-बायको दोघं करत असाल तर पूमसेच्या, म्हणजे ठरलेल्या हालचाली ओळीने करून दाखवण्याच्या, जोडी प्रकाराकडे बघा. जोडीत एक पुरुष आणि एक स्त्री असते, आणि तिशीच्या वरच्यांचा गट वेगळा असतो. मार खायचा नाही, पण श्वास आणि पावलं एकत्र पडावी लागतात. संसारात हे किती कठीण असतं ते तुम्हाला माहीत आहेच.

प्रश्न : आमचं घराणं तालमीतलं. आजोबा, वडील, मी, सगळे मातीत खेळलो. नात १३ वर्षांची, ती ज्युदो करते. मुलगा म्हणतो, तुम्ही तिला शिकवू नका, डाव वेगळे आहेत. मी ७१ वर्षांचा आहे. माझा काही उपयोग आहे का? (एक आजोबा, करवीर तालुका)

आजोबा, नमस्कार. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं.

डाव वाटतात तितके वेगळे नाहीत. तुमची धोबीपछाड नातीला दाखवा, ती म्हणेल, "हा तर सेओई-नागे." फरक पकडीचा आहे. तुम्ही मनगट, मान, दंड धरता, ती कापड धरते. आणि मातीत उताणं पडून खांदे टेकले की कुस्ती संपते, ज्युदोत जोर आणि वेग कमी पडला तर पाठीवर पडूनही लढत चालू राहू शकते. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना वयाच्या पाचव्या वर्षी मातीत उतरवलं ते त्यांच्या पैलवान वडिलांनी, दादासाहेबांनी. १९५२ ला हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्य जिंकताना खाशाबा मातीतून मॅटवर गेलेलेच होते. त्यांचा ढाक डाव प्रसिद्ध होता. ज्युदोत मान आणि हात कवेत घेऊन कंबरेवरून फेकतात, तो कोशी-गुरुमा तुम्ही पाहिलात तर ओळखीचा वाटेल.

मुलाचं एक बरोबर आहे. तिच्या सरांनी जे सुरू केलंय त्याच्या मध्ये नवीन डाव घुसवू नका. पण समोरच्याचं वजन कुठल्या पायावर आहे हे बघायची तुमची नजर पन्नास वर्षांची आहे. तिच्या लढतीचे व्हिडिओ तिच्यासोबत बघा आणि तिला फक्त एवढंच विचारा, "इथं हिचा कुठला पाय हलका होता?" उत्तर तिला शोधू द्या. तिला जोर-बैठका, सपाट्या घालायला शिकवा, ते तिच्या सरांनाही आवडेल.

तुम्ही स्वतः गी घालणार असाल तर फेकाफेकी नको. ज्युदोत जू-नो-काता म्हणून पंधरा हालचालींची एक रचना आहे. ती जोडीने करायची असते आणि तिच्यात कुणी पडत नाही. नात आणि तुम्ही मिळून ती शिकू शकाल. रोज वीस मिनिटं, अंगणात, साध्या कपड्यांतही चालते.

आणि एकदा तिला तुमच्या तालमीत न्या. मुलींना आत घेत नसतील तर आधी वस्तादांशी बोला, तुमचा शब्द ते टाळणार नाहीत. हळद, ताक आणि तेल घातलेली ती लाल माती तिने पायाखाली घेतलेली असू दे. गी घालून उतरली तर घरी आल्यावर तो बाकीच्या कपड्यांत टाकू नका. आधी वाळू द्या, माती झटका, मग वेगळा भिजवा. हळदीचा डाग मात्र राहीलच.