रंगांधळेपणा असताना एनडीएत जाता येते का, आणि तपासणीचे पुस्तक पाठ करावे का?

आपण बारावीत आहात, लाल-हिरव्या रंगांचा जन्मजात रंगांधळेपणा आहे, सैन्यात अधिकारी होण्यासाठी एनडीएत (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत) जायचे आहे आणि क्लासचे सर म्हणतात की ठिपक्यांच्या पुस्तकातील आकडे पाठ करून जा, असा आपला प्रश्न आहे. प्रवेश मिळेल की नाही हे दोष किती तीव्र आहे आणि आपण कोणत्या दलाला पसंती देता यावर ठरते. त्याकडे शेवटी येतो. पाठ करून मात्र मुळीच जाऊ नका. दादरच्या एका क्लासमध्ये हाच सल्ला मलाही मिळाला होता आणि त्यावरून आमच्या घरात सुरू झालेला वाद अजून मिटलेला नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

त्या क्लासमध्ये लेखी परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुलांना रंगीत ठिपक्यांत दडलेले आकडे वाचायला लावणाऱ्या इशिहारा चाचणीच्या पुस्तकाची रंगीत झेरॉक्स देत असत. एखाद्याला रंगांचा दोष असल्याचे कळले की सर त्याला बाजूला बसवून कोणत्या पानावर कोणता आकडा येतो ते पाढ्यांसारखे घोकून घेत. ही चाचणी जपानी नेत्रतज्ज्ञ शिनोबू इशिहारा यांनी १९१७ मध्ये प्रसिद्ध केली आणि तिचा जन्मच मुळी सैन्यात येणाऱ्या तरुणांच्या तपासणीसाठी झाला होता. जी चाचणी शंभराहून अधिक वर्षे भरतीच्या उमेदवारांवर वापरली जात आहे, ती घेणाऱ्याला घोकंपट्टीची कल्पना नसेल असे मानणे भाबडेपणाचे आहे.

लेखी परीक्षेनंतर मुलाखती घेणाऱ्या भोपाळच्या एसएसबीत (सेवा निवड मंडळात) माझी निवड झाली आणि वैद्यकीय तपासणीसाठी मला लष्करी रुग्णालयात पाठवण्यात आले. डोळ्यांच्या तपासणीला एक महिला अधिकारी होत्या. त्यांनी मला खिडकीपाशी बसवले, पहिले पान दाखवले आणि त्यावरचा १२ मी वाचला. तो सर्वांनाच वाचता येतो. त्यानंतर क्रमाने जाण्याऐवजी त्यांनी पुस्तक मधूनच उघडले. या पुस्तकात काही पाने अशी आहेत की निर्दोष दृष्टीच्या माणसाला तेथे नुसते ठिपके दिसतात, आकडा मात्र बहुधा आमच्यासारख्यांनाच दिसतो. माझ्यासमोर तसेच पान होते. क्लासमध्ये घोकून घेतलेले उत्तर ‘काही दिसत नाही’ असे होते आणि मला तर ५ अगदी स्वच्छ दिसत होता. मी ‘पाच’ असे सांगितले. मग त्यांनी मागची पाने दाखवली. ८ च्या जागी मी ३ वाचला, २९ च्या जागी ७०. त्यांनी कागदावर नोंद केली आणि शांतपणे विचारले, “कौन सी कोचिंग?” मी नाव सांगितले नाही. कायमस्वरूपी अपात्र असा शेरा मिळाला आणि ४२ दिवसांत अपील वैद्यकीय मंडळापुढे जाता येते हेही मला समजावून सांगण्यात आले. मी अपील केले नाही. अपीलाने तपासणी पुन्हा होते, जन्मजात डोळा बदलत नाही.

लालबागचे माझे मामा दर गणपतीत हा विषय काढतात. “एक वाक्य बोलला असतास तर आज कर्नल असतास,” असे ते सर्वांसमोर म्हणतात. मामांचा जीव आहे माझ्यावर, परंतु या बाबतीत ते पूर्णपणे चुकीचे आहेत. पुस्तकातून सुटलो असतो तरी जिथे लँटर्न चाचणी असते तिथे अंधाऱ्या खोलीत क्षणभर दिसणाऱ्या बारीक दिव्यांचे रंग ओळखावे लागतात आणि तेथे पाठ करण्यासारखे काही नसते. समजा तेथूनही सुटलो असतो, तर पुढे काय? आपल्याकडच्या भूनकाशावर समोच्च रेषा तपकिरी आणि जंगल हिरवे असते. मला त्या दोन रंगांत गोंधळ होतो. रात्री समुद्रावर समोरच्या जहाजाची डावी बाजू लाल दिव्यावरून आणि उजवी हिरव्या दिव्यावरून ओळखतात, म्हणजे ते कोणत्या दिशेने चालले आहे हे रंगच सांगतो. माझ्या एका खोट्या वाक्याची किंमत माझ्या हाताखालच्या जवानांनी मोजावी, हे मला तेव्हाही मान्य नव्हते आणि आजही नाही.

२०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट प्रशिक्षण संस्थेला रंगांधळ्या विद्यार्थ्यांना प्रवेश नाकारू नये असे सांगितले, तेव्हा मामांनी ते कात्रण मला पाठवले. तो निर्णय योग्यच होता, कारण चित्रपटाचे संकलन करताना रंग चुकला तर शेजारच्या सहकाऱ्याला विचारता येते. गस्तीवर तशी सोय नसते. सैन्याने मला नाकारले यात माझा अपमान झाला असे मी कधीही मानले नाही.

आता आपल्याविषयी. रंगांधळेपणाच्या पायऱ्या असतात. उड्डाण शाखेचा निकष सर्वांत कडक असतो, भूदलाचा त्या मानाने सौम्य, आणि यूपीएससीच्या अधिसूचनेच्या परिशिष्टात ते छापलेले असतात. क्लासच्या पत्रकाऐवजी ते वाचा. त्यामुळे माझ्यासारखाच निकाल आपल्याला लागेल असे मुळीच नाही. मोबाइलवरच्या चाचण्यांवर आणि रंगीत झेरॉक्सवर विश्वास ठेवू नका, छपाईत आणि पडद्यावर रंग बदलतात. रंगीत काचांचे चष्मे किंवा लेन्स विकणाऱ्यांपासून दूर राहा. त्यांनी दोष जात नाही आणि तपासणीत ते चालतही नाहीत. घरात कोणी हे ‘आईकडून आले’ म्हणून तिला बोल लावत असेल, तर हे जनुक एक्स गुणसूत्रावर असते आणि मुलाला ते गुणसूत्र आईकडूनच मिळते, त्यात तिचा दोष कसला, असे स्पष्ट विचारा. माझ्या आत्याला हे विचारायला हवे होते ते कोणीही विचारले नाही.

एनडीएसाठी वय साडेसोळा ते साडेएकोणीसच्या दरम्यान लागते, म्हणून वेळ घालवू नका. जे. जे. किंवा केईएमच्या नेत्रविभागात जाऊन दोषाचा प्रकार आणि तीव्रता दोन्ही लिहून मागा. तीव्र असेल तर या एका परीक्षेवर वर्षे लावू नका. सौम्य असेल तर अर्ज जरूर भरा, अधिसूचनेतील निकषाशी अहवाल ताडून मगच दलांचा पसंतीक्रम लावा, आणि वैद्यकीय मंडळापुढे जे दिसेल तेच सांगा.